फितुराचा ठसा

सकाळी आभाळ राखेनं घासलेल्या तव्यासारखं होतं. आमच्या पोसो दा ओन्सा गावात पावसाळ्याच्या नावाखाली एवढंच येतं. ढग डोंगराच्या डोक्यावर येऊन टेकतात, उसनं मागायला आलेल्या सोयऱ्यासारखं इकडंतिकडं बघतात आणि काही न देता उठून जातात. वारा मात्र सुटतो. तो धूळ आणतो, शेळ्यांचा वास आणतो, आणि धरणाभोवतीच्या काटेरी तारेला अडकलेल्या चिंध्या फडफडवत राहतो.

लिंदाउरानं उजाडताच निवडुंगाचे दांडे जाळावर धरून काटे जाळले आणि शेळीपुढं टाकले. चुलीवर मक्याचा कुस्कुस वाफायला ठेवला. मग उंबऱ्यात पाय पसरून बसली, उंबुराना झाडाची फळी मांडीवर घेतली आणि रंधा मारायला लागली. उंबुरानाचं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं. त्याचा वास गोडसर, औषधी. माझं टोप्या शिवायचं दुकान तिच्या समोरच. गल्लीत दिवस उगवला हे मला कोंबड्याच्या आधी त्या वासानं कळायचं.

ती चित्रपोथ्या करायची. बाजारात दोरीवर वाळत घातल्यासारख्या टांगलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या पोथ्या. तिचा बाप पद्यं रचायचा आणि पहिल्या पानापुरतं एक चित्र लाकडात कोरायचा. बाप गेल्यावर लिंदाउरानं ते उलटं केलं. तिला पद्य जमायचं नाही. "माझ्या जिभंला यमक बसत न्हाई, खडा बसतो," म्हणायची. तिनं पानापानावर चौकटी पाडल्या, चौकटीचौकटीत काळीकुट्ट चित्रं घातली, आणि खाली एकेक ओळ. शहरातून येणाऱ्या रंगीत चित्रांच्या पुस्तकांनी पोरंटोरं बापाच्या पोथ्या विसरली होती. लेकीच्या मात्र विकत घेऊ लागली. ज्यांना अक्षर येत नव्हतं ती मोठी माणसंही.

गोष्ट तीच, आमच्याकडं आईच्या दुधाबरोबर येणारी. सम्राट कार्लोस आणि त्याचे बारा सरदार. खिंडीत मागं राहिलेली तुकडी. तिच्या सरदाराच्या सावत्र बापानंच फितूर होऊन शत्रूला वाट दाखवलेली; शेवटच्या पानावर त्याला चार घोड्यांना बांधून फाडतात. सरदार मरताना शिंग फुंकतो, आणि बापाच्या पोथीत आभाळ फाटून देवदूत खाली येतात, त्याचा जीव ओंजळीत घेऊन जातात. लिंदाउराच्या पोथीत देवदूत येत नसत. गिधाडं येत. तिचे सरदार आमच्या गुराख्यांसारख्या चामडी टोप्या घालत, तिची खिंड म्हणजे आमचीच खिंड. सम्राट शेवटी पोचायचा तेव्हा नाकाला रुमाल लावलेला असायचा.

पाद्रीबाबांनी एकदा तिला विचारलं होतं, "लिंदाउरा, देवदूत का नाहीत?"

"लाकडात पांढरं कमी ठेवलंय, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "पंख मावत न्हाईत."

आमच्याकडच्या कोरणाऱ्यांची एक रीत होती. सरदारांना गावातल्या माणसांचे चेहरे द्यायचे. लाकडात चेहरा म्हणजे काय, टोपी, मिशी आणि एखादी खूण. पण माणूस स्वतःला बरोबर ओळखतो. नवी पोथी दोरीवर चढली की लोक आधी स्वतःला शोधत, मग तिला दोना, म्हणजे बाई, म्हणून हाक मारत.

"दोना लिंदाउरा, ह्या खेपेला बी मी मेलो?"

"सगळेच मरत्यात बाबा. तू तिसऱ्या पानावर मेलास, चांगला मेलास."

"मागल्या टायमाला घोड्यावरनं तोंडावर पाडलं होतं. बायको आठवडाभर हसत होती."

"म्हणून ह्या खेपेला भाल्यानं मारलाय. उभ्यानं. बायकोला दाखव जा."

असं चालायचं. पण फितुराला कुणाचाच चेहरा द्यायचा नाही, हा तिच्या बापाचा पहिला नियम. त्याला भोपळ्यासारखं एक तोंड द्यायचं, जे कुणाचंच नसतं. दुसरा नियम, फितुराच्या ठशाला घरात शाई लावायची नाही. बाकीचे ठसे घरी शाई लावून, वर कागद ठेवून, चमच्याच्या पाठीनं घासून तपासायचे. फितुराचा ठसा मात्र तसाच कोरडा छापखान्यात धाडायचा. एकदा शाई चढली की तो घरात वस्तीला येतो, असं म्हातारा म्हणे. लिंदाउरा ह्यावर हसायची. हसायची आणि पाळायची.

देल्मिरो तिचा एकुलता. गावची सगळी जमीन ज्याची, त्या मालकानं धरणाला तार घातली त्या सालची गोष्ट. शेळ्या तारेपाशी उभ्या राहून पाण्याकडं बघत मरत होत्या. देल्मिरोनं आणि त्याच्या जोडीच्या पोरांनी तार कापली, आणि सगळी खिंडीखालच्या पडीक वीटभट्टीत जाऊन लपली. लिंदाउरा मांडिओकाच्या कंदाचं पीठ आणि गुळाची ढेप शालीआड लपवून त्यांना पोचवायची. मग एका पहाटे मालकाचे घोडेस्वार आले. ते कुठं थांबले नाहीत, कुणाला काही विचारलं नाही, एका पडक्या घरात डोकावून बघितलं नाही. सरळ भट्टीवर गेले. कुणीतरी बोट दाखवल्याशिवाय असं होत नाही.

देल्मिरोनं बाकीच्यांना वरच्या अंगानं पळवलं आणि स्वतः खिंडीच्या तोंडाशी थांबला. त्याच्याकडं शेळ्या बोलवायचं बैलाचं शिंग होतं. ते त्यानं फुंकलं. गावात प्रत्येक घरात ते ऐकू गेलं. एकाही घराची कडी निघाली नाही. निघाली ती फक्त निकानोरच्या घराची.

निकानोर म्हणजे धार लावणारा. सहाणेचं चाक बसवलेली त्याची हातगाडी होती. बाजारच्या दिवशी चिंचेखाली ती उभी असायची. त्यानंच देल्मिरोला लहानपणी चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं होतं, म्हणजे तो पोराचा धर्मबाप. ज्यानं तुमचं लेकरू पाण्यावर धरलं तो तुमचा कोंपाद्रे आणि तुम्ही त्याची कोमाद्रे. हे नातं आमच्याकडं रक्ताच्या वरचं धरतात, आणि त्यात एकमेकांना अरेतुरे करत नाहीत. निकानोर शिंगाच्या दिशेनं गेला, आणि दिवस वर आल्यावर त्याच हातगाडीवर देल्मिरोला घालून घेऊन आला. चाक काढून ठेवलं होतं, पोराला जागा व्हावी म्हणून.

फौजदारानं कागदावर लिहिलं, मारणारे अज्ञात इसम. झालं.

बरेच दिवस लिंदाउरानं लाकडाला हात लावला नाही. शेळीसुद्धा शेजारीपाजारी पिळायचे. मग एका दुपारी बेर्तोल्दो तिच्या दारात आला. बेर्तोल्दो गाढवावरून पाणी विकायचा; सगळ्या दारांत पाणी ओतायचा आणि सगळ्या दारांतल्या गोष्टी उचलायचा. पिंप रिकामं करता करता म्हणाला, "दोना, सांगू का नको असं झालंय."

"मग सांगू नको."

"आदेरबाल. दारूच्या दुकानवाला. आदल्या संध्याकाळी मालकाच्या फाटकाशी उभा होता. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितला. टोपी खाली वढली होती, पर गालावरचा वण कुठं लपतोय?"

आदेरबालच्या डाव्या गालावर तारेनं फाटल्याचा लांब वण होता. त्याच्या दुकानात माल यायचा तो मालकाच्या ट्रकमधून. लिंदाउरानं आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरातून पुन्हा उंबुरानाचा वास आला.

पोथी तीच, सम्राटाची. पण मी समोर बसून बघत होतो, तिचा हात वेगळा चालत होता. एरवी ती आधी कागदावर चित्र काढायची, मग कागद पालथा घालून कोळशानं लाकडावर उतरवायची, कारण ठसा उलटा कोरला तर छापा सुलटा येतो. मरणारा सरदार, शिंग, बंद दारांचं गाव, सगळं तसंच रीतीनं केलं. शिंगवाल्याला तिनं लेकाचा चेहरा दिला. घरी शाई लावून छापे घासले, दोरीवर वाळवले. राहिला फितूर.

त्या सकाळी निकानोर तिच्या कोरण्या पाजवून घेऊन आला. त्याच्या उजव्या गालावर, सहाणेचं चाक फुटून लागलेला जुना वण होता; हसला की तो डोळ्याकडं सरकायचा.

"कोमाद्रे, ही बारकी एवढी कशापायी पाजवून घेतली? लाकडाची दाढी करताय का काय?"

"वण काढायचाय."

"कुणाचा?"

"बाजारात कळंल, कोंपाद्रे."

त्यानं कोरणीचं टोक नखावर टेकवून बघितलं आणि परत दिली. "हात जपा. ही लाकूड वळखत न्हाई न् बोट बी वळखत न्हाई."

तो गेल्यावर ती कागद न घेता बसली. दारातून कोपऱ्यावरचं दारूचं दुकान दिसतं. आदेरबाल बाहेर बाकड्यावर तोंड गल्लीकडं करून बसला होता. ती मान वर करायची, त्याच्याकडं बघायची, मान खाली घालून कोरायची. जसा दिसला तसा. डाव्या गालावरचा वण तिला तिच्या उजव्या हाताला दिसत होता, तिनं लाकडावर उजव्या हातालाच घातला. टोपी, मिशी, वण. रागाच्या भरात आयुष्यभराचा हात विसरला. आणि तो तपासायला हवा होता तर बापाचा नियम आडवा आला. फितुराला जिवंत माणसाचा चेहरा देऊन तिनं एक नियम मोडला होता, दुसरा पाळला. दोन्ही मोडले असते तरी निभावलं असतं. ठसा कोरडाच छापखान्यात गेला.

बाजारच्या दिवशी गठ्ठे छापखान्यातून सरळ चौकात आले. लिंदाउरानं सुतळी कापली, पोथ्या दोरीवर टांगल्या. शेवटचं पान तिनं उघडलं नाही. ते पान विकणाऱ्यानं आधी बघायचं नसतं. मग स्टुलावर चढली आणि वाचायला लागली. आवाज बसका, पण त्या दिवशी कांदे विकणाऱ्या बायाही गप्प झाल्या. गावाची बंद दारं आली तसे लोक जमिनीकडं बघायला लागले. शिंगवाल्यानं शिंग तोंडाला लावलं, आणि तिथं ती थांबली. रीतच आहे, शेवट तोंडानं सांगायचा नाही.

"वाट कुणी दावली," ती म्हणाली, "ते शेवटच्या पानावर."

पोथ्या पटापट गेल्या. आदेरबाल गर्दीच्या कडेला उभा होता. लिंदाउरा त्याच्याकडंच बघत होती. त्यानंही एक पोथी घेतली, सावकाश शेवटचं पान उघडलं. त्याचा चेहरा आधी ताठ झाला. मग सैल पडला. मग त्यानं मान वळवली आणि चिंचेकडं बघितलं.

सगळेच चिंचेकडं बघत होते.

"हा तर निकानोर."

"काहीतरीच."

"वण बघ की. उजवा गाल हाय का न्हाई?"

"पर धर्मबाप..."

"गोष्टीत तरी कोण हाय? सावत्र बापच हाय न्हवं?"

लिंदाउरानं दोरीवरची एक पोथी ओढून उघडली. एका नजरेत तिला कळलं काय झालंय ते: लाकडावर सुलटा कोरलेला वण कागदावर दुसऱ्या गालावर गेला होता. ती स्टुलावर उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी, पोथी उलटीसुलटी करत. तेवढ्या वेळात बाजार पुढं गेला होता.

"तरीच म्हणलं," कुणीतरी म्हणालं, "एकटाच कसा गेला त्या पहाटे? आपल्याला समद्यांना गोळ्या लागल्या असत्या, ह्यालाच कशी लागली न्हाई?"

"गाडी बी तयार ठेवली होती. चाक काढून."

आणि बेर्तोल्दो, गाढवाची दोरी हातात धरून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी बघितलेला. फाटकाशी. ह्या माझ्या डोळ्यांनी. टोपी वढली होती, पर वण कुठं लपतोय?"

तो खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यात वाईट. त्याला खरंच तसं दिसायला लागलं होतं. लिंदाउरानं ते शब्द ऐकले आणि ती स्टुलावरून खाली उतरली. हेच शब्द त्यानं तिच्या दारात आदेरबालबद्दल म्हटले होते, जवळजवळ जसेच्या तसे. मग आदेरबालला तरी कुणी बघितलं होतं?

निकानोर चाक फिरवत होता. कुणाचातरी कोयता त्याच्या हातात होता. लोक येताना बघून त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. म्हणाला, "रांगंनं या रं, एकच चाक हाय."

हातगाडी उलथली. सहाणेचा दगड त्याच्या उजव्या हातावर पडला, आणि कुणीतरी त्या दगडावर पाय दिला. कुणाचा पाय ते नंतर कुणालाच आठवलं नाही.

लिंदाउरा तोवर घुसली होती. "ह्यो न्हाई. ह्यो न्हाई रं. छापा उलटा पडलाय, माझी चूक हाय."

"दोना, तुम्हीच तर कोरलाय," एक जण तिला समजावल्यासारखा म्हणाला. "तुमचा हात कधी चुकलाय?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. ओतीलिया, निकानोरची बायको, दारात शेंगा निवडत बसली होती. उठली नाही. आत निकानोर झुल्यात पडला होता, हात चिंध्यांत गुंडाळलेला. चिंध्यांवर ताडाच्या तेलाचे आणि रक्ताचे डाग.

"कोमाद्रे, येऊ का?" लिंदाउरा म्हणाली.

"कोण कोमाद्रे?" ओतीलिया शेंगांकडं बघत म्हणाली. "तुझ्या पोराला ह्या माणसानं अंघोळ घातली. आंतडी आत ढकलून कापड बांधलं, तुला दिसू ने म्हणून. अन् तू त्याला चार घोड्यांना बांधलंस. चारी बाजूंनी."

तुम्हीचं तू झालं होतं. आमच्याकडं शिवीपेक्षा ते जास्त लागतं.

"चूक झाली. ठसा सुलटा कोरला. मला दुसरा..."

"दुसरा कोण?" आतून निकानोर म्हणाला.

लिंदाउरानं खाली पडलेली एक शेंग उचलून ओतीलियाच्या पुढ्यात ठेवली.

"सांगा की, कोमाद्रे. दुसरा कोण कोरायचा होता?"

"आदेरबाल."

निकानोरनं झुल्यातच मान तिच्याकडं वळवली. "त्यानं दावली वाट?"

"बेर्तोल्दो म्हणला."

"बेर्तोल्दो काल माझं बी म्हणला." तो हसला असावा, वण हलला. "आदेरबालचा बी हातच मोडला असता मग. त्याला तर दोन लहान पोरी हायती."

लिंदाउरा उंबऱ्याबाहेर मातीत बसली. ओतीलियानं निवडलेल्या शेंगा उचलल्या आणि आत गेली. जाताना दार लोटलं नाही, पण आत या असंही म्हणाली नाही.

"मी बाजारात सांगीन," लिंदाउरा म्हणाली. "स्टुलावर उभी राहून. आणि ठसा नीट करीन."

"करा," निकानोर म्हणाला. "पर लाकडात भर घालता येती का, कोमाद्रे? मला कधी कळलं न्हाई ते. पाजवायचं मला कळतं, तेवढंच."

भर घालता येत नाही. लाकडातून काढता येतं, तेवढंच. जे काढाल ते कागदावर पांढरं उमटतं. वण पुसायचा म्हणजे गाल काढावा लागतो, गाल काढला की मिशी राहत नाही. घरी आल्यावर तिनं छापखान्यातून फितुराचा ठसा परत मागवला. बारकी कोरणी घेतली आणि आधी वण काढला, मग गाल, मग नाक, मग डोळे. टोपीखाली एक पांढरं भोक राहिलं. मग तिनं बापाचा दुसरा नियम मोडला. घरात, चुलीशेजारी, त्या ठशाला शाई लावली, कागद ठेवला, चमच्यानं घासला. छापा उचलून उजेडाला धरला. चार घोडे, चार दोर, आणि मधे बिनचेहऱ्याचा माणूस. भिंतीला टेकवून तिनं तो वाळत ठेवला आणि शेळीला पाणी पाजायला गेली.

पुढच्या बाजारी ती स्टुलावर चढली. गोष्ट वाचली नाही. सरळ म्हणाली, "मागल्या पोथीत मी ज्याचं तोंड कोरलं ते माझ्या हातची चूक. निकानोरनं काही केलं न्हाई. कुणी केलं मला ठावं न्हाई. तुम्हालाबी न्हाई. त्या पोथ्या परत आणा, बदली ह्या न्या."

मग मागून आदेरबाल म्हणाला, "दोना लिंदाउरा, कोंपाद्रेला वाचवायलाच पायजे. आमी समजतो. नातंच तसं हाय." तो चेष्टेनं नव्हता म्हणत. त्याचा आवाज मऊ होता. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं लिंदाउराच्या पायाला हात लावला, चर्चमधल्या मूर्तीला लावावा तसा, आणि म्हणाली, "केवढं मन तुमचं. पोटच्या पोराचा खून बी माफ केलात."

"माफ न्हाई केला गं, त्यानं केलंच न्हाई," लिंदाउरा म्हणाली.

"व्हय, व्हय," बाई म्हणाली.

जुन्या पोथ्या कुणी परत आणल्या नाहीत. नव्या मात्र घेतल्या, आधीपेक्षा जास्त. घरी नेऊन लोक त्या पांढऱ्या भोकात कोळशानं हवा तो चेहरा काढायचे. पोरं खेळ म्हणून मास्तराचा काढायची, सुना सासूचा. माझ्या दुकानात एक जण टोपीचं माप द्यायला आला, त्याच्या खिशात पोथी होती. मी उघडून बघितली तर त्यानं आपल्या सख्ख्या भावाचं तोंड काढलं होतं, कपाळावरच्या चामखिळीसकट. शेताच्या बांधाचं भांडण चालू होतं त्यांचं.

आणि एका सकाळी निकानोरच्या दारावर ते पान खिळ्यानं ठोकलेलं सापडलं. भोकात कोळशानं टोपी, मिशी काढली होती. वण उजव्या गालावर, बरोबर जागेवर. ज्यानं काढला त्याचा हात चांगला होता.

निकानोरच्या हाताची बोटं मिटायची बंद झाली होती. धार लावायला दोन हात लागतात, एक चाकाला आणि एक पात्याला. गिऱ्हाईकही येत नव्हतं. ज्याला फितूर म्हणायचं त्याच्या हातात कोयता कोण देणार? दक्षिणेकडं मजूर घेऊन जाणारा ट्रक आला तेव्हा तो आणि ओतीलिया त्यात चढले. मागं फळ्यांवर बसून माणसं जातात तसे, बोचकी मांडीवर घेऊन. गल्लीतल्या दारांच्या फटीतून गाव बघत होतं. कड्या आतून लावलेल्या होत्या.

लिंदाउरा ट्रकपाशी गेली. निकानोर टोपी खाली ओढून बसला होता. ती काही बोलायच्या आत ओतीलियानं बोचक्यातून एक फडकं काढलं आणि खाली तिच्या हातात दिलं. आत निसणा होता, धार लावायचा हाताएवढा दगड, मधे वापरून खोलगट झालेला.

"त्यांनी सांगितलंय," ओतीलिया दुसरीकडं बघत म्हणाली. "तुमच्या कोरण्या भोथऱ्या झाल्या असतील. बारकीला पाणी कमी लावायचं. न्हाईतर धार पलटी खाती."

लिंदाउरानं निसणा छातीशी धरला. "कोंपाद्रे," ती म्हणाली.

निकानोरनं मोडका हात थोडा वर केला. मोडकाच, कारण दुसऱ्या हातानं फळी धरली होती. ट्रक निघाला. धूळ खाली बसायला वेळ लागला. वारा नव्हता त्या दिवशी.

त्यानंतर तिनं सम्राटाची गोष्ट कोरली नाही. पोथ्या करते अजून, भुताखेतांच्या, दुष्काळाच्या, बोलणाऱ्या बैलाच्या. लोक विचारतात, दोना, सरदारांची कधी? ती म्हणते लाकूड चांगलं मिळत नाही. देल्मिरोची वाट कुणी दाखवली ते अजून कुणाला माहीत नाही. बेर्तोल्दो पाणी ओतताना मधूनच काही सांगायला लागतो, तेव्हा ती पिंपावर झाकण ठेवते आणि घरात जाते. आदेरबाल गल्लीतून जाताना तिला टोपी काढून नमस्कार करतो. तीही मान हलवते. त्याच्या डाव्या गालाकडं ती कधी बघत नाही, आणि उजव्याकडंही नाही.

आज सकाळी ढग पुन्हा येऊन बसले होते डोंगरावर. तिनं शेळीला निवडुंग घातला, कुस्कुस चुलीवर ठेवला, आणि उंबऱ्यात निसणा मांडीवर घेऊन बसली. बारकी कोरणी दगडावर टेकवली. कोन जमेना, उचलली, नखावर लावून बघितली, पुन्हा टेकवली. बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला, जास्त झाला तो झग्याला पुसला, आणि घासायला लागली.